छातीवरचं नाव आणि दुधाचा पेला

उत्तराखंडातल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा २०२५च्या फेब्रुवारीत संपल्या. तेव्हापासून साताऱ्यात पोवई नाक्यावरच्या चहाच्या गाड्यापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत मी एकच हिशेब ऐकतो आहे. सेनादलाची सुवर्णपदकं ६८, महाराष्ट्राची ५४. एकूण पदकं मात्र आपली कितीतरी जास्त. मग सेनादल पहिलं कसं? सेनादल हे काय राज्य आहे? त्यांच्या संघात पोरं कुणाची? आपलीच की! आणि मग ठरलेला ठराव: सेनादल, रेल्वे, पोलीस या सगळ्यांना राष्ट्रीय स्पर्धांतून बाहेर काढा, ज्याची माती त्याचं पदक. हा ठराव मांडणाऱ्यांतल्या निम्म्यांच्या घरी दर्शनी भिंतीवर वडिलांचा नाहीतर आजोबांचा गणवेशातला फोटो असतो, ही गंमत वेगळी.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ही मागणी चुकीची आहे, आणि चुकीची असण्यापेक्षाही ती आळशी आहे. धावणाऱ्याच्या छातीवर कुणाचं नाव असावं यावर भांडायला काही खर्च येत नाही. सोळाव्या वर्षापासून बाविसाव्या वर्षापर्यंत त्याच्या ताटात काय पडलं, हा प्रश्न विचारला की खिशात हात घालावा लागतो. आपल्या राष्ट्रीय मैदानी स्पर्धांच्या शंभर वर्षांत हा दुसरा प्रश्न ज्यांनी सोडवला त्यांची नावं छातीवर आली. एवढा साधा हा हिशेब आहे.

वादाची पहिली गोची म्हणजे ‘नॅशनल’ या एका शब्दात आपण चार वेगळ्या गोष्टी कोंबतो. राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा ही अनेक खेळांची जत्रा. तिथे राज्यांबरोबर सेनादल उतरतं. ॲथलेटिक्स महासंघाच्या स्वतःच्या स्पर्धा निराळ्या. त्यातली आंतरराज्य स्पर्धा ही नावाप्रमाणे राज्यांची. खुली राष्ट्रीय स्पर्धा मात्र खरोखर खुली; तिथे राज्यांच्या शेजारी सेनादल, रेल्वे, पोलीस, तेल कंपन्या यांचे संघ असतात, आणि तिथल्या सांघिक ढाली वर्षानुवर्षं रेल्वे आणि सेनादलाकडे जातात. सगळ्यात लहान मुलांची जी आंतरजिल्हा स्पर्धा असते, तिथे तर जिल्हा हाच संघ. म्हणजे चौदा-सोळा वर्षांचं पोर ‘सातारा’ हे नाव छातीवर लावून देशभरातल्या मुलांशी धावतं. ‘आपल्या मातीचं नाव’ लागावं म्हणून तळमळणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक आहे? त्या संघाचं रेल्वेचं तिकीट कोण काढतं, हे त्यांच्यातल्या किती जणांनी कधी विचारलं?

आता थोडं मागे जाऊ. १९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यती बघायला सर दोराबजी टाटा हजर होते. धावणारी मुलं शेतकऱ्यांची, पायात काही नाही, शर्यतीचं शास्त्र वगैरे तर दूरच. पण त्यांच्या वेळा युरोपातल्या वेळांच्या जवळपास जात होत्या. टाटांनी मनावर घेतलं, सरकारदरबारी खटपट केली, पदरचे पैसे घातले, आणि १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदुस्थानचा छोटासा चमू गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉन २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत धावून ते एकोणिसावे आले. त्याच मॅरेथॉनमध्ये आपल्या साताऱ्याचे सदाशिव दातारही होते. त्यांना शर्यत पुरी करता आली नाही. साताऱ्यात किती रस्त्यांना, किती चौकांना किती जणांची नावं आहेत. दातारांचं नाव मी भाषणातसुद्धा ऐकलेलं नाही. मातीचा अभिमान असा निवडक असतो.

सुरुवातीपासूनच पाहा, या कथेत आधी पैसे उभे करणारा माणूस येतो आणि मग संघ. १९२४ साली पॅरिसच्या निवडीसाठी दिल्लीत जी स्पर्धा भरली, तिला नाव मिळालं ‘इंडियन ऑलिंपिक गेम्स’. हीच आपल्या राष्ट्रीय स्पर्धेची पहिली पायरी. पुढे १९२७ साली ऑलिंपिक संघटना उभी राहिली, टाटा तिचे अध्यक्ष झाले, दर दोन वर्षांनी कधी लाहोर, कधी मद्रास, कधी कलकत्ता अशी ही स्पर्धा फिरली, आणि १९४० साली मुंबईत तिला ‘राष्ट्रीय’ हे नाव मिळालं. त्या काळात पतियाळा हे संस्थान स्वतःचा वेगळा संघ उतरवायचं. कारण उघड आहे. महाराजांना खेळाचं वेड होतं आणि तिजोरी त्यांची होती. ‘फक्त प्रांतांनीच उतरावं’ हा शुद्धतेचा सोनेरी काळ आपण ज्याला समजतो, तो कधी नव्हताच. प्रांत, संस्थानं, लष्कर अशी खिचडी पहिल्यापासून शिजत आली आहे.

संस्थानं गेली. मग ती जागा कुणी घेतली? मिल्खा सिंग तीन वेळा लष्कराच्या भरतीत नाकारले गेले, चौथ्यांदा घेतले गेले आणि सिकंदराबादेत एका क्रॉस-कंट्री शर्यतीतून धावायला लागले. धावणाऱ्यांना कवायतीच्या कटकटीतून सूट आणि जादा दुधाचा पेला मिळतो, हे त्यांनी स्वतः पुढे अनेकदा सांगितलं. फाळणीत घरदार गमावलेल्या पोराला त्या पेल्याची किंमत काय वाटली असेल? १९५८ साली कटकच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी २०० आणि ४०० मीटरचे राष्ट्रीय विक्रम केले ते सेनादलाचे धावपटू म्हणून. पानसिंग तोमर फौजेतच स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायची शर्यत, शिकले आणि सात वेळा राष्ट्रीय विजेते झाले. बायकांच्या बाबतीत तर गोष्ट आणखी स्पष्ट आहे. सेनादलाच्या संघात बायका दिसायला लागल्या त्या अगदी अलीकडे. त्याआधीच्या अनेक दशकांत खेडेगावातल्या मुलीला ‘धावणं’ हे नोकरीचं कारण म्हणून दाखवता आलं ते मुख्यतः रेल्वेमुळे. पी. टी. उषा रेल्वेच्याच. रेल्वे बाहेर काढा म्हणणाऱ्यांनी एकदा डोळे मिटून विचार करावा: रेल्वे नसती, तर ऐंशी-नव्वदच्या दशकात घरच्यांनी मुलीला चड्डी-बनियनवर मैदानात पाठवलं असतं का? ‘नोकरी लागते’ या दोन शब्दांनी जेवढे बाप वितळले, तेवढे कुठल्याच भाषणाने वितळले नाहीत.

इथे एक शब्द आठवतो. १९४६ साली जो ॲथलेटिक्स महासंघ स्थापन झाला, त्याच्या मूळ नावात ‘ॲमॅच्युअर’ होतं. म्हणजे हौशी. खेळावर पोट भरायचं नाही, ही त्या काळच्या साहेबी खेळाची अट. ही अट गरिबाला किती महाग पडायची ते जिम थॉर्पला विचारा. १९१२च्या ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदकं जिंकलेल्या या आदिवासी अमेरिकनाची पदकं पुढच्याच वर्षी काढून घेतली, का, तर त्याने आधी कधीतरी फुटकळ पैशांवर बेसबॉल खेळला होता. ती पदकं अधिकृतपणे परत द्यायचं ठरेपर्यंत १९८२ उजाडलं. तोवर तो जाऊन तीस वर्षं होत आली होती. ज्याच्या घरी पोत्यांनी धान्य आहे त्यालाच हौस परवडते. आपल्याकडे या अटीतून पळवाट निघाली ती पलटणीतून आणि रेल्वेच्या कचेरीतून. कागदोपत्री शिपाई, कागदोपत्री कारकून, प्रत्यक्षात धावपटू. तत्त्वनिष्ठांनी याला ढोंग म्हणावं. मला तर आपल्या क्रीडाधोरणातली ही सगळ्यात माणुसकीची लबाडी वाटते.

मी काही रेल्वे-फौजेची वकिली करायला बसलेलो नाही. विरोधकांचा सगळ्यात वजनदार मुद्दा बरोबरीचा आहे, आणि तो खरा आहे. फौजेतला धावपटू बारा महिने धावतो, तेच त्याचं काम. पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये त्याला प्रशिक्षक आहे, डॉक्टर आहे, ट्रॅक आहे. त्याच्या शेजारच्या लेनमध्ये उभा असतो कॉलेजातला पोरगा, जो सकाळी गोठ्यातलं आवरून, दूध डेअरीवर घालून, मग डांबरी रस्त्यावर धावतो. ही शर्यत बरोबरीची कशी? नाहीच. पण मग उपाय काय? वेगवान माणसाला बाहेर ठेवायचं आणि उरलेल्यांतल्या पहिल्याला राष्ट्रीय विजेता म्हणायचं? तो विजेता आशियाई स्पर्धेत उभा राहील तेव्हा शेजारच्या लेनमध्ये बहरीनचा, चीनचा, जपानचा धावपटू असेल. त्यांना कसं बाहेर काढणार? दरी बुजवायची ती खालच्याला वर आणून, आणि ते काम राज्याचं आणि जिल्ह्याचं आहे. शिवाय ज्याला फक्त राज्यांची शर्यत हवी, त्याच्यासाठी आंतरराज्य स्पर्धा आहेच की. ती बघायला किती सातारकर कधी गेलेत?

दुसरा मुद्दा: आमच्या मुलांना हे लोक पळवून नेतात. याचं उत्तर मी अविनाश साबळेच्या गोष्टीत शोधतो. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा हे त्याचं गाव. बारावीनंतर तो साध्या भरतीतून महार रेजिमेंटमध्ये गेला, सियाचीनला राहिला, आणि स्पर्धात्मक धावायला लागला तो फौजेतल्या क्रॉस-कंट्रीपासून. पुढे २०१८ साली भुवनेश्वरच्या खुल्या राष्ट्रीय स्पर्धेत त्याने ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटं २९.८० सेकंदांत धावून गोपाल सैनींचा १९८१पासूनचा विक्रम मोडला. सदतीस वर्षं टिकलेला विक्रम! आता सांगा, फौजेने महाराष्ट्राचा कुठला धावपटू पळवला? महाराष्ट्राच्या ताब्यात होता तोवर तो धावपटू नव्हताच. शाळेपर्यंत पायपीट करणारा एक मुलगा होता. खाण आपली, हे कबूल. पण खाणीत उतरलं कोण?

तिसरा मुद्दा श्रेयाचा. राज्याचं नाव लागत नसेल तर राज्य पैसा का घालील, असं विचारतात. ऐकायला पटतं. पण २०२३च्या गोव्यातल्या राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्रच पहिला होता: ८० सुवर्ण, एकूण २२८ पदकं. सगळं श्रेय आपल्या पदरात. त्या यशानंतर तुमच्या तालुक्याच्या मैदानावर चुन्याची एक रेघ वाढली का? श्रेय मिळालं की फ्लेक्स लागतात, एवढाच माझा अनुभव आहे. उत्तराखंडात आपल्या साताऱ्याच्या सुदेष्णा शिवणकरने १०० मीटरचं सुवर्ण महाराष्ट्राकडूनच जिंकलं. सेनादलाच्या ६८चा आकडा ज्यांना तोंडपाठ आहे, त्यांच्यातल्या तिघांना मी तिचं नाव विचारलं. एकाला आलं.

सांगलीकरांना तर हा वाद घालायचा मुळीच अधिकार नाही, असं मी चेष्टेने म्हणतो. विजय हजारे जन्मले सांगलीत, पण त्यांचं नाव क्रिकेटच्या इतिहासात जोडलं गेलं ते बडोद्याशी. रणजी करंडकाच्या १९४६-४७च्या अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध गुल महंमद आणि हजारे यांनी ५७७ धावांची भागी केली, ती बडोद्याच्या संघासाठी. समोरचा होळकर संघही संस्थानी आश्रयावरच पोसलेला. बडोद्याच्या महाराजांनी हजाऱ्यांना आसरा दिला नसता तर १९५२ साली मद्रासला भारताचा पहिला कसोटी विजय मिळवणारा कर्णधार कोण असता, देव जाणे. सांगलीने कधी तक्रार केली का, की हजाऱ्यांच्या धावा बडोद्याच्या खात्यात का? उलट आजही सांगलीकर मोठ्या ताठ्याने सांगतो, हजारे आमचे. बरोबरच आहे. माणूस गावाचाच राहतो. धावफलकावर नाव पोसणाऱ्याचं लागतं. आणि रणजीत सेनादल, रेल्वे आजही खेळतात, त्यावर पंगतीत कुणी हुंदका देत नाही.

आपल्याच जिल्ह्यातल्या खाशाबा जाधवांची गोष्ट मात्र उलट्या बाजूची आहे, आणि ती मला जास्त बोचते. गोळेश्वरचा हा पैलवान १९५२ साली हेलसिंकीला गेला तो लोकवर्गणीवर. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी त्यासाठी राहतं घर गहाण टाकलं. ब्राँझपदक घेऊन परतल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक! पोलिसातली नोकरी मिळायला मात्र १९५५ उजाडलं, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो ते गेल्यावर. मातीचा अभिमान या माणसाच्या वाट्याला भरभरून आला. नव्हता तो पगार. मातीवाद्यांनी हे उदाहरण आपल्या बाजूने वापरून दाखवावं.

राज्याने काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. क्रीडा प्रबोधिनी ही राज्याची निवासी क्रीडाशाळा आहे, सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव आधी ८०० मीटर धावायचा. अंगात ताकद कमी पडते हे बघून जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकाने त्याच्या खाण्याकडे लक्ष दिलं, प्रबोधिनीची वाट दाखवली, तिथे हातात धनुष्य आलं आणि पुढे तो टोकियो ऑलिंपिकला गेला. मधल्या टप्प्यावर त्याला नोकरी दिली ती फौजेनेच. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर रेल्वेत नोकरीला असतानाच २०१५ साली वूहानला ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये आशियाई विजेती झाली, आणि २०१६ला रिओत ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून अंतिम फेरीत गेली. १९८४च्या उषानंतर ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत ऑलिंपिक अंतिम फेरीत पोचलेली ती पहिली भारतीय बाई. महाराष्ट्राने तिला उपजिल्हाधिकारी केलं, उत्तम केलं, पण कधी? पदकांनंतर. रेल्वेचा पगार पदकांआधी सुरू झाला होता. राज्य पिकलेलं कणीस उचलतं आणि मग विचारतं, शेताच्या बांधावर दुसऱ्याचा दगड कसा?

आणि हा दुसऱ्याचा दगडही आता पूर्वीइतका पक्का राहिलेला नाही, ही खरी काळजी असायला हवी. पहाटे साताऱ्याच्या कुठल्याही रस्त्याला जा, भरतीची पोरं धावताना दिसतील. या जिल्ह्याची लाडकी शर्यत ना १५०० मीटर, ना मॅरेथॉन. ती आहे भरतीची सोळाशे मीटर, जी जगातल्या कुठल्याही मोठ्या स्पर्धेत नाही. अपशिंगे मिलिटरीसारखं गाव ज्या जिल्ह्यात आहे, तिथे धावणं म्हणजेच भरती. या गर्दीतून एखादा साबळे निघतो, कारण भरती झालेल्याला पुढे पंधरा-सतरा वर्षांची निवांत सावली मिळायची. कुणाच्या तरी नजरेला पडायला, दोन वर्षं पडझड व्हायला, दुखापत भरून यायला वेळ मिळायचा. २०२२पासून अग्निपथ योजनेत चार वर्षांनी फार तर चौघांतला एक कायम होतो. खेळाडू म्हणून निवडून घेतलेल्यांची वाट वेगळी आहे, ती चालू राहील. पण साध्या भरतीतून आत जाऊन मग धावपटू म्हणून सापडणारा पोरगा, मिल्खा काय किंवा अविनाश काय, त्याला चार वर्षांत कोण शोधणार? सेनादलाला बाहेर काढा म्हणणाऱ्यांनी इकडे एकदाही बोट दाखवलेलं मी ऐकलं नाही.

निकालपत्रकात खेळाडूच्या संघासोबत त्याचा जिल्हाही छापावा, एवढी मागणी मी आनंदाने करीन. ‘सेनादल (बीड)’, ‘रेल्वे (सातारा)’. त्याला शाईशिवाय खर्च नाही. पण त्यापुढची मागणी खर्चाची आहे: जिल्हा नियोजनाच्या पैशातून सोळा ते बावीस वयाच्या, राज्य पातळीवर अंतिम फेरी गाठलेल्या प्रत्येक धावपटूला दरमहा पोटापुरती रक्कम, पदकाची अट न घालता. सत्काराची तरतूद त्यातच वळती करून टाकावी.

आमच्या आळीतली एक मुलगी ८०० मीटर धावते. गेल्या वर्षभरात तिचे चार सत्कार झाले, चौथ्याला मीही व्यासपीठावर होतो, ‘आपल्या मातीची कन्या’ असं मीही बोलून गेलो. कार्यक्रम संपल्यावर शाल घडी करून पिशवीत कोंबत तिने मला बाजूला घेतलं. “काका, रेल्वेच्या ट्रायलचा फॉर्म ऑनलाइन भरायचाय. बाबांना जमत नाही. तुम्ही भरून द्याल का?”

रविवारी बसून भरला.